चाकांवरचं घर आणि खारपाणपट्ट्यातला उन्हाळा: कामाच्या नोंदी, २०२४

११ फेब्रुवारी

ट्रॉली आज शेतात आली. जुनी, चार चाकांची, १८ बाय ७ फूट, आधी वीटभट्टीवर चालायची. ६२,००० रुपये. शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरने ओढून आणली. टायर दोन बरे, दोन टाकाऊ.

हे का करतोय ते एकदाच लिहून ठेवतो. शेत अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, पूर्णा नदीच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं असतं. सातबारा अजून तिन्ही भावांचा सामाईक आहे. वाटणी होईपर्यंत पक्कं बांधलं तर उद्या त्यावरूनच भांडण. चाकांवर असलेलं घर ओढून दुसऱ्या धुऱ्याला (बांधाला) नेता येतं, त्यावर कोणाची हरकत नाही. विजेचा खांब अर्धा किलोमीटर लांब, त्यामुळे वीज सोलरची. बायको लॅपटॉपवर हिशेबाची कामं करते, तिला दिवसा सहा तास वीज आणि थोडी सावली लागते. अकोल्यातली भाड्याची खोली आम्ही मार्चअखेर सोडणार आहोत.

विचारायला कोणी सापडलं नाही. ट्रेलरमध्ये राहणारे जे भेटले ते थंड हवेतले, आणि त्यांची सगळी काळजी घर गरम कसं ठेवायचं याची. आमचं उलट आहे. म्हणून जे चुकेल तेही लिहीन.

२ मार्च

सांगाडा झाला. दीड इंची चौकोनी पाइप, बाहेरून पत्रा, मध्ये एक इंच थर्माकोल, आतून प्लाय. वेल्डिंगवाल्याची मजुरी आणि माल मिळून १,१८,०००. दोन इंची पफ पॅनलचा (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार भिंतीचा) भाव काढला होता, तो ४१,००० ने जास्त होता म्हणून सोडला. हा निर्णय पुढे नडेल असं आत्ताच वाटतंय.

काका बघायला आले, आत डोकावले आणि म्हणाले, "बापू, या डब्ब्यात उन्हायात माणूस नाई, वांगं भाजते."

१४ मार्च

सोलर बसवलं. ५४० वॅटच्या तीन प्लेटा आडव्या टाकल्या, दोन्ही बाजूंनी चार-चार इंच बाहेर आल्या. २४ व्होल्ट १०० अँपिअरची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण अडीच युनिट. एमपीपीटी कंट्रोलर (प्लेटांची वीज बॅटरीत नीट भरणारा) आणि इन्व्हर्टर वेगळे घेतले. प्लेटा ४३,०००, बॅटरी ४६,०००, बाकी २७,०००. बॅटरीची पेटी आत जागा खाते म्हणून बाहेर पश्चिमेच्या भिंतीला लावली. प्लेटा छताच्या पत्र्यावर दोन इंचांचे तुकडे ठेवून बोल्ट केल्या.

या दोन्ही गोष्टी चुकल्या. पुढे येईलच.

२७ मार्च

सामान हलवलं. ३५० रुपयांचा थर्मामीटर घेतला, त्याला बाहेर सोडायची वायर असते. दुपारी ३ वाजता बाहेर सावलीत ३९.५, आत ४४. खिडक्या सगळ्या उघड्या, तरीही.

छताच्या प्लायला हात लावून पाहिला. मधला भाग कोमट होता, पण दर दोन फुटांवर एक चटका देणारी पट्टी लागत होती. जिथे जिथे आत लोखंडी पाइप आहे तिथे तिथे ती पट्टी. थर्माकोल पाइपांच्या मधल्या जागेत भरलेलं, पाइप मात्र बाहेरच्या पत्र्याला आणि आतल्या प्लायला दोन्हीकडे चिकटलेला. ऊन सरळ त्याच वाटेने आत येतं. स्क्रूची डोकी तर बोट टेकवू देत नव्हती. वेल्डिंगवाल्याचा यात दोष नाही, मीच तसं सांगितलं होतं. पाइपावर आतून रबराची किंवा थर्माकोलची सलग पट्टी घालून मग प्लाय मारायला हवी होती. आता सगळी प्लाय उतरवणं परवडत नाही.

३१ मार्च

प्लेटा उचलल्या. पत्र्यापासून एक फूट वर, अँगलच्या चौकटीवर. उरलेल्या छतावर त्याच उंचीवर ७५ टक्क्यांचं शेडनेट. पत्र्याला चुना, त्यात फेविकॉल घालून दोन हात. खर्च ७,४००, वेळ अडीच दिवस.

वीज फारशी वाढली नाही. प्लेटेच्या पाठीचं तापमान ६८ वरून ६१ वर आलं, एवढंच. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे फायदा अडीच टक्क्यांचा. पण घर बदललं. बाहेर ४०, आत ४०.५. प्लेटा आता छताची छत्री झाल्या आहेत आणि त्यांच्याखालून वारा निघतो. नवीन करणाऱ्याने पहिल्याच दिवशी असं करावं, माझे अडीच दिवस वाचले असते.

९ एप्रिल, पाडवा

सकाळी गुढी ट्रॉलीच्या दारालाच बांधली. संध्याकाळी अवकाळी आला, वारा आणि बारीक गारा. शेडनेट चार ठिकाणी फाटून बाभळीवर जाऊन बसलं. प्लेटा हलल्या नाहीत. नेट प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं होतं, त्या उन्हात नऊ-दहा दिवसांतच कडक होऊन तुटल्या. आता तारेने आणि कडांना दोरी शिवून बांधलं. नेटचा तुकडा लहान ठेवायचा आणि वारा अडला तर एका बाजूने सुटेल असा ठेवायचा.

१३ एप्रिल

कूलर आणला, अकोल्याचा, पत्र्याचा, १८ इंची पंखा, ६,५००. पंखा आणि पंप मिळून १८० वॅट. पहिल्या दिवशी मी सगळ्या खिडक्या बंद केल्या, थंडावा आत राहावा म्हणून. तासाभरात अंग चिकचिकायला लागलं आणि कागद मऊ पडले. कूलर आत जेवढी हवा ढकलतो तेवढी बाहेर जायला वाट लागते. समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला ९ इंची झरोका कापला. त्यानंतर बाहेर ४२ असताना आत २९.

बायको म्हणाली, "आता काकांना बोलवा, वांगं दाखवायला."

१९ एप्रिल

विजेचा ताळा जमला. पाण्याचा कोलमडला.

आमच्या भागात बोअरचं पाणी खारं. मीटर लावला, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २,८०० दाखवले. गावात वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेचं पाणी पाळीने येतं, ते घागरींनी शेतापर्यंत आणायचं, म्हणून ते फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. कूलरला मी बोअरचं पाणी घातलं. सहा दिवसांत गवतावर पांढरा थर, मिठासारखा, बोटाने खरवडला की खपली निघते. हवा अडली, गार वारा निम्म्यावर आला. खालच्या टाकीच्या कडांना गंज धरला.

कारण सरळ आहे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. दिवसभरात साठ-सत्तर लिटर उडालं तर त्या सगळ्याचं मीठ गवतावर आणि टाकीत. शहरातल्या पाण्यात ते महिन्यांनी दिसतं, इथे आठवड्यात.

हिशेब मांडला. कडक दुपारी कूलर तासाला ११ ते १२ लिटर पितो. दिवसभराचे ७०. मीठ साचू नये म्हणून टाकीतलं पाणी रोज सोडून द्यायचं, ते १५. पिणं-स्वयंपाक १२. दोघांची आंघोळ, भांडी, कपडे मिळून ३५. एकूण १३२ लिटर, रोज. कोणी विचारलं की किती वॅटच्या प्लेटा लावू, तर मी आधी पाण्याचं विचारीन. ऊन इथे हवं तेवढं आहे. पाणी कुठून येणार, कोण आणणार आणि ते खारं आहे की गोडं, हे ठरल्याशिवाय कूलरच्या भरवशावर इथे राहायला येऊ नये.

२२ एप्रिल

काकांच्या शेततळ्यात पावसाळ्याचं पाणी अजून चार फूट आहे. टीडीएस २४०. त्यांना विचारायला दोन दिवस धीर झाला नाही, कारण एप्रिलमध्ये आमच्याकडे पाणी मागणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला कळतं. ते म्हणाले, "घेऊन जाय ना, पण बैलाचं पानी राखजो." दर तिसऱ्या दिवशी त्यांच्याच बैलबंडीवर २०० लिटरचे दोन ड्रम. बदल्यात त्यांचा मोबाइल, फवारणीच्या पंपाची बॅटरी आणि टॉर्च आमच्याकडे चार्ज होतात.

गवत नवीन घातलं, १८० रुपये. मधाच्या पोळ्यासारखं पॅड दुकानदार सुचवत होता, दहापट महाग. आमच्या पाण्याला साधं गवतच बरं, खराब झालं की फेकता येतं. कूलरमधून सोडलेलं पाणी झाडांना घालू नये, त्यात मीठ दाटलेलं असतं. दारापुढची तुळस मी तशीच घालवली.

२६ एप्रिल

मतदानाला गावात. परत येईपर्यंत साडेतीन. दारात पाय ठेवला तर कूलर बंद, इन्व्हर्टर बंद, आत ४१.

२९ एप्रिल

तीन दिवस हेच. सकाळी सगळं ठीक, साडेतीनच्या सुमारास सगळं ठप्प, संध्याकाळी सातला आपोआप सुरू. प्लेटांच्या पिना तपासल्या, वायरी तपासल्या. अकोल्याहून मेकॅनिक आला, ८०० घेऊन कंट्रोलर बदला म्हणून सांगून गेला.

रात्री बॅटरीचं मोबाइल अ‍ॅप उघडलं, जे पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं. दुपारी ३.३५ ला तापमान ५८, चार्जिंग आणि वीज देणं दोन्ही बंद. तो दोष नव्हताच, बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट स्वतःला वाचवत होतं. काळी पेटी, पश्चिमेची भिंत, दुपारचं ऊन.

१ मे

बॅटरी आत आणली, उत्तरेच्या भिंतीला, पलंगाखाली, विटांवर उचलून. कूलरची हवा तिच्यावरून जाते, पण थेंब उडणार नाही इतकी लांब. आता कमाल ३६. माझ्या मनात आत ठेवण्याची भीती लेड-अ‍ॅसिडवरून आली होती, ती वायू सोडते म्हणून तिला मोकळी हवा लागते. या प्रकारच्या लिथियमला नेहमीच्या वापरात ती अडचण नाही. लेड-अ‍ॅसिडवाल्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं की दहा अंश वाढले की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून तिलाही सावलीच लागते.

इन्व्हर्टरही पत्र्याच्या भिंतीवरून काढून आतल्या लाकडी फळीवर घेतला. वाया गेलेला वेळ एकूण सहा दिवस.

६ मे

प्लेटा धुतल्या, बोअरच्या पाण्याने, कारण तळ्याचं पाणी जपायचं होतं. वाळल्यावर काचेवर पांढरी साय. दुपारी १,१८० वॅट मिळायचे तिथे १,०४०. मग तळ्याचं अर्धी बादली पाणी आणि धोतराचा जुना तुकडा घेऊन पहाटे पाच वाजता पुसल्या, परत १,२१०. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. पहाटे दव नसतं, पण काच गार असते.

१० मे, अक्षय तृतीया

नवीन माठ भरला. जुना माठ पाझरत नव्हता. त्यात अधूनमधून खारं पाणी भरत राहिलो, त्याची छिद्रं बुजली, बाहेरून पांढरा झाला आणि पाणी गार होईना. नव्याची पाठ अर्ध्या तासात ओली झाली, हाताला गार लागली. माठ आता उत्तरेला ट्रॉलीच्या सावलीत, वाळूवर, कूलरच्या मागे, जिथे हवा सतत ओढली जाते.

५० लिटरचा छोटा फ्रिज आज बंद केला. ४४ च्या वर त्याचा कॉम्प्रेसर थांबतच नव्हता, दिवसाला एक युनिट खात होता आणि दूध तरी नासत होतं. दूध आता सकाळ-संध्याकाळ काकांकडून ताजं. ज्यांना औषधं थंड ठेवावी लागतात त्यांनी असं करू नये. त्यांनी बॅटरी मोठी घ्यावी.

पाण्याची ५०० लिटरची काळी टाकी दुपारी हात पोळेल इतकी तापायची. तिला बारदाना गुंडाळून वरून शेणमातीचा जाड लेप दिला, त्यावर चुना. खर्च शून्य. आंघोळ आता चारनंतरही करता येते.

१७ मे

सकाळी दार उघडेना. धक्का मारून उघडलं तर पूर्ण घर दाराच्या बाजूला कललेलं. टायर उन्हात फाटू नयेत म्हणून मी ट्रॉली चार जॅकवर उचलून ठेवली होती. आमची काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, हे लहानपणापासून पाहतोय. तरी जॅकखाली फक्त एक फरशी दिली. भेग रुंद होत फरशीखाली आली, फरशी मधोमध फुटली आणि एक जॅक जवळपास फूटभर खाली.

काका, त्यांचा मुलगा आणि मी, दुपारी १२ पर्यंत. चारही जॅकखाली आता सागाचे जाड ओंडके, तीन फूट लांब, भेगांना आडवे. पावसात हीच जमीन फुगून वर येईल, म्हणून जूनआधी दोन ब्रास मुरूम टाकायचा. टायरांना पोतडी झाकली.

२० मे

बायको भांडी घासून ओल्या पायाने दाराच्या पायरीवर चढली, हाताने चौकट धरली आणि ओरडली. झिणझिण्या. नशिबाने तेवढ्यावर गेलं. मीटर लावला, पत्र्याचा सांगाडा आणि ओली जमीन यांत ७० व्होल्ट. पंपाची वायर उंदराने कुरतडली होती आणि ती पत्र्याला टेकत होती.

यावर मी गप्प बसणार नाही, सगळ्यांनी वाचावं. लोखंडी घरात राहताना अर्थिंग हा नंतरचा खर्च नाही. मी अर्थिंगचा रॉड मारला होता, पण भेगाळलेल्या कोरड्या मातीत तो नुसता उभा होता, मातीची पकड नव्हती. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावली होती ती पडली नाही, कारण इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थिंगला कुठेच जोडलेला नव्हता. खांबावरून वीज घेणाऱ्यांकडे ते काम बाहेर झालेलं असतं. आपलं आपल्याला करावं लागतं, एकाच ठिकाणी, आणि इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते पाहून. गावातल्या वायरमनला बोलावून करून घेतलं. नवीन खड्डा, आठ फूट रॉड, भोवती कोळसा आणि मीठ, रोज एक बादली पाणी. त्याला बोअरचं खारं पाणी चालतं, उलट चांगलं. सगळ्या वायरी आता पाइपातून. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दर रविवारी दाबायचं, आम्ही कॅलेंडरवर खूण करतो.

खर्च ३,१००. हा पहिल्या दिवशी करायचा होता.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाचे कडक नऊ दिवस, लागला. अकोल्यात पारा ४५ च्या वर, जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलंय. शेतात दुपारी ३ ला सावलीत ४५.५, कूलरसमोर २८, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ३२. हवा इतकी कोरडी की कूलरचं काम उत्तम होतंय. कूलरला पाणी ९० लिटर.

दिवसाचा क्रम आता असा: पहाटे ४ ला उठायचं, ९ च्या आत बाहेरचं सगळं काम, ११ ते ५ आत. रात्री बाजेवर बाहेर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. पत्र्याचं घर जितकं लवकर तापतं तितकंच लवकर निवतं, रात्री ९ ला आत-बाहेर सारखं होतं. विटांचं घर पहाटेपर्यंत भट्टी राहतं, हा फरक मात्र आमच्या बाजूचा. ट्रॉलीखाली ओल आणि गारवा असल्यामुळे विंचू येतात, तीन दिवसांत दोन. खाली काही ठेवायचं नाही, चप्पल झटकून घालायची.

२९ मे

काल नेटची तार सुटली होती. दुपारी १ वाजता मी वर चढलो, पाच मिनिटांचं काम म्हणून. वीस मिनिटं लागली. उतरलो तेव्हा घाम थांबला होता, तो थांबला हे मला बरं वाटलं. मग डोकं ठणकायला लागलं आणि मी बायकोला दोनदा तेच विचारलं म्हणे. तिने ओली चादर अंगावर टाकली, कूलरपुढे बसवलं, काकांच्या मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात. दोन सलाइन. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर वेगळं झालं असतं.

घाम थांबणं आणि बोललेलं विसरणं, ही दोन लक्षणं लिहून दारावर लावली आहेत. शिडी आता ११ ते ५ कुलपात, किल्ली तिच्याकडे.

४ जून

मुरूम टाकून घेतला, दोन ब्रास. उतार धुऱ्याकडे. काकांच्या तळ्यात दीड फूट उरलंय. आजपासून बंडी बंद, त्यांच्या बैलांना लागेल. टँकर मागवला, ५,००० लिटर, ९००. साठवायला जागा ५०० ची, बाकी काकांच्या हौदात.

११ जून

मृग लागून चार दिवस. दुपारपासून ढग, हवा दमट, कूलरपुढे बसून घाम वाळत नव्हता. बाहेर ३६, आत ३३, आणि ४५ पेक्षा हे ३३ जास्त जड वाटलं. कूलर बंद केला, फक्त २८ वॅटचा छताचा पंखा.

पाच वाजता पाऊस. प्लेटांच्या खालच्या कडेला मागच्या आठवड्यात पत्र्याची पन्हळ लावून ठेवली होती, पहिली दहा मिनिटं ती बाहेर वळवली, धूळ जाऊ दिली, मग ड्रमकडे. तासाभरात २०० लिटरचा एक ड्रम तीन बोटं कमी भरला. मीटर बुडवला, टीडीएस ३०. बायकोने ओंजळीने पिऊन पाहिलं आणि दुसरा ड्रम ओढत आणला.

उद्या गवत काढून कूलर धुवायचा, टाकीला लाल ऑक्साइड मारायचं. काकांना एक ड्रम द्यायचा आहे.